अर्धांगवायू : नावातला वारा

पेणच्या दवाखान्यात अधूनमधून एखादे कुटुंब वडीलधाऱ्यांना घेऊन येते आणि सांगते, "डॉक्टर, बाबांच्या अंगावरून वारं गेलं." केव्हा, असे विचारले की उत्तर येते, "काल सकाळी. तेल चोळून पाहिलं." हे ऐकून मन खिन्न होते, कारण या उशिराचे मूळ पुष्कळदा त्या 'वाऱ्या'तच असते.

'अर्धांगवायू' म्हणजे अर्ध्या अंगाला ग्रासणारा वायू. हा वायू खिडकीतून येणारा नव्हे. आयुर्वेदात वात हे शरीरातील गतीचे तत्त्व मानले आहे. हालचाल थांबली म्हणजे वात बिघडला, असा तो विचार. बोलीत मात्र त्याचा बाहेरचा वारा झाला आणि उपाय म्हणून तेल व शेक आला.

'लकवा' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा मूळ अर्थ तोंड वाकडे होणे. 'पक्षाघात' अधिक नेमका आहे. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, आघात म्हणजे तडाखा. इंग्रजीतील 'स्ट्रोक'चा अर्थही तडाखाच. हा तडाखा बसतो मेंदूला. मेंदूतील रक्तस्रावाने असा झटका येतो, हे वेप्फर या स्विस वैद्याने 1658 मध्ये दाखवून दिले. बहुतेक रुग्णांत मात्र रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर सहसा उजवे अंग लुळे पडते.

गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. पेणहून वा रोह्याहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही याच वेळात मोजावा लागतो.

म्हणून तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात वा पाय उचलेना, बोलणे अडखळले, तर आधी घड्याळ पाहा. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ लिहून ठेवा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तोंडाने पाणी, चहा वा गोळी देऊ नका; गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरिनही आपल्या मनाने देऊ नका. रक्तस्राव असल्यास तो वाढेल. थोड्या वेळाने त्रास आपोआप ओसरला, तरीही रुग्णालय गाठाच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

घरात 'वारं गेलं' असे कोणी म्हणाले, तर त्यांचा शब्द सुधारत बसू नका. तेलाची बाटली मात्र बाजूला ठेवा आणि निघा.