अंदाजपत्रकातील शेवटची ओळ

बंगला असो, कारखाना असो वा शाळा, बांधकामाच्या अंदाजपत्रकात बाग ही बहुधा शेवटची ओळ असते. पाया, स्लॅब, फरशी, वीज, रंग असे सर्व लिहून झाल्यावर तळाशी ‘परिसर सुशोभीकरण’ असे दोन शब्द आणि पुढे एक ठोक रक्कम. बाजार तेजीत असला की त्या रकमेकडे कोणी पाहत नाही. मंदीची चाहूल लागली, बँकेचे हप्ते जड वाटू लागले, की घरधन्याची पेन्सिल सर्वांत आधी याच ओळीवर येते. ती ओळ खोडताना त्याला फारसे दुःख होत नाही. परंतु त्या ओळीवर कोणाची तरी उपजीविका अवलंबून असते.

ही उपजीविका आता व्यापारी कुटुंबांच्याही घरात आली आहे. नगरच्या कापडबाजारात, आडतेबाजारात किंवा दाळमंडईत तीन पिढ्या काढलेल्या घरांतील मुलेमुली पुण्या-मुंबईला जाऊन वास्तुशास्त्र शिकू लागली. पाच वर्षांची पदवी आणि त्यावर भूदृश्यरचनेचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन एखादी मुलगी पंचविशीत घरी परतते आणि नेमकी त्याच सुमारास मंदी येते. ठरलेली दोन कामे पुढे ढकलली जातात, तिसऱ्याचे पैसे अडकतात, फोन वाजेनासा होतो. मग एके दिवशी जेवताना वडील सहज म्हणतात, ‘‘बेटा, तोवर दुकानात येऊन बस. हिशोब तरी पाहा.’’ या वाक्यात माया असते, तसा एक निकालही दडलेला असतो. तो निकाल घाईचा आहे काय, याचा विचार अशा प्रत्येक घराने शांतपणे करावा.

प्रथम हा व्यवसाय नेमका कशाचा, हे समजून घेणे आवश्यक आहे. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे रोपवाटिकेतून कुंड्या आणून मांडणारा माणूस नव्हे. जमिनीचा उतार कोणत्या दिशेला आहे, पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे साचते, मातीचा थर किती खोल आहे, सावली कोठे हवी, मालमोटारी कोठून वळतील, मुले कोठे खेळतील, या सर्वांचा एकत्र विचार करून मोकळ्या जागेचा आराखडा करणे हे त्याचे काम. इमारतीच्या आत जे वास्तुविशारद करतो, ते इमारतीबाहेरच्या जमिनीवर हा करतो.

मग मंदीचा पहिला घाव यालाच का बसतो? एक तर त्याचे काम जागेवर सर्वांत शेवटी सुरू होते. तोवर खर्च वाढलेला असतो आणि थैली रिकामी झालेली असते. शिवाय छप्पर नसलेले घर राहण्याजोगे नसते, पण झाडे नसलेले घर चालून जाते. बाग ‘पुढच्या वर्षी’ करता येते आणि ते पुढचे वर्ष अनेकदा येतच नाही. तिसरे कारण अधिक खोल आहे. हे काम शोभेचे आहे असा समज ग्राहकाचा असतोच. पुष्कळदा तो व्यावसायिकानेही करून घेतलेला असतो. शोभेची वस्तू म्हणून जे विकले जाते, ते अडचणीच्या काळात शोभेच्या वस्तूप्रमाणेच टाळले जाते.

या व्यवसायाचा इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. ज्याला अमेरिकेत या व्यवसायाचा आद्य पुरुष मानतात, तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा. १८२२ मध्ये हार्टफर्ड गावी त्याचा जन्म झाला. वडिलांचे दुकान उत्तम चालत होते. मुलाचे मात्र कशातच बस्तान बसेना. न्यूयॉर्कच्या एका पेढीत त्याने कारकुनी केली, जहाजावर खलाशी होऊन तो चीनपर्यंत गेला, शेती केली, वृत्तपत्रांसाठी प्रवासलेखन केले आणि अखेरीस पुस्तक प्रकाशनात भागीदारी घेतली. शेतीला आणि प्रकाशनाला भांडवल वडिलांचेच होते. १८५७ मध्ये ती प्रकाशनसंस्था बुडाली. त्याच वर्षी अमेरिकेत मोठे आर्थिक अरिष्ट आले. बँका बंद पडल्या, हजारो मजूर रस्त्यावर आले. न्यूयॉर्क शहरात तेव्हा खडकाळ आणि दलदलीच्या जमिनीवर सेंट्रल पार्क उभारण्याचे घाटत होते. त्या कामावर देखरेख करणाऱ्याची जागा पस्तीस वर्षांच्या, कर्जात बुडालेल्या ओल्मस्टेडने पत्करली. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुविशारदासह त्याने केलेला आराखडा स्पर्धेत पहिला आला आणि त्या कामावर हजारो बेकारांना मजुरी मिळाली. हा व्यवसाय अमेरिकेत असा मंदीच्याच पोटी जन्मला.

१९२९ च्या महामंदीत हेच चित्र पुन्हा दिसले. धनिकांच्या बागांची कामे थांबली आणि या व्यवसायातील माणसे सरकारी कामांकडे वळली. १९३३ ते १९४२ या काळात अमेरिकेने बेरोजगार तरुणांकडून जंगले, उद्याने आणि मृदसंधारणाची कामे करून घेतली. सुमारे ३० लाख तरुणांनी मिळून जवळपास ३०० कोटी झाडे लावली. राष्ट्रीय उद्यानांतील त्या कामांचे आराखडे करण्यासाठी लँडस्केप आर्किटेक्ट लागले आणि त्यांच्या संसाराची घडी त्यामुळे टिकली. खासगी पैसा आटला तेव्हा काम संपले नव्हते, ते श्रीमंताच्या अंगणातून सार्वजनिक जमिनीवर गेले होते.

नगर जिल्ह्याला यातील सूत्र परके नाही. येथे मंदीचे जुने नाव दुष्काळ असे आहे. पाऊस हुकला की ज्वारी-बाजरी हुकते, कांदा हुकतो. मग गावचा माणूस बाजारात येत नाही आणि कापडाच्या दुकानातील गिऱ्हाईकही थांबते. १९७२ च्या दुष्काळात हे सर्वांनी अनुभवले. त्या वर्षी महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तीच ही कल्पना. योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. दुकानदार दरवर्षी जो व्यवसाय कर मुकाट्याने भरतो, त्याचे मूळ दुष्काळात मातीकाम करणाऱ्या हातांच्या मजुरीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मात्र मजुरी दिली म्हणजे जमीन सुधारली असे नव्हे. दुष्काळी कामांत खडी फोडण्यावरही असंख्य दिवस गेले. माणसे जगली, ही गोष्ट लहान नव्हे. पण पुढच्या दुष्काळात त्याच माणसांना पुन्हा तेथेच उभे राहावे लागले. जेथे डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्याची वाट नीट पाहून काम झाले, तेथे निराळे घडले. नगर शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवरील हिवरे बाजार याचे उदाहरण सर्वश्रुत आहे. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास तेथे सरपंच झाले. टेकड्यांवर समतल चर, ओढ्यांवर बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी कूपनलिकांना बंदी, अशा क्रमाने गावाने आपली जमीन पुन्हा रचली. पावसाळा संपला की मिळालेल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवायची, ही तेथील रीत कोणत्याही व्यापाऱ्याला तत्काळ पटावी अशी आहे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांतही १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे याच माथा ते पायथा तत्त्वाने झाली. या कामांना कोणी भूदृश्यरचना म्हटले नाही. पण जमिनीचा उतार, माती, पाणी आणि झाड यांची जुळणी करणे, हेच तर त्या शास्त्राचे सार आहे.

म्हणून नगरसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात हा व्यवसाय करणाऱ्याने स्वतःला शोभाकार म्हणवून घेणे हीच पहिली चूक ठरेल. त्याने ग्राहकापुढे रंगीत चित्रापेक्षा आधी हिशोब ठेवावा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी पडते; म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर. पाच हजार चौरस फुटांच्या गोदामाच्या पत्र्यावरच सव्वादोन लाख लिटरहून अधिक पाणी उतरते, म्हणजे तेवीस टँकर. उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्या कारखानदाराला या आकड्यांची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. त्यातले निम्मे पाणी जरी टाकीत किंवा जमिनीत मुरवता आले, विलायती हिरवळीऐवजी कडुनिंब, करंज, बहावा, चिंच अशी या मातीत टिकणारी झाडे लावली, तर आराखड्याची फी खर्चाच्या बाजूला न राहता बचतीच्या बाजूला जाते. मंदीत लोक शोभा टाळतात. पाणी आणि खर्च वाचवणारा सल्ला टाळत नाहीत.

कामाचे स्वरूपही अशा काळात बदलावे लागते. नवे बंगले थांबले तरी जुनी आवारे असतातच. शाळा, रुग्णालय, धर्मशाळा, गोशाळा, गृहसंकुल या सर्वांना आहे त्या जागेची निगा हवी असते. वर्षभराच्या देखभालीचा लहानसा करार हा मोठ्या पण अनिश्चित कामापेक्षा घर अधिक चालवतो. गृहप्रकल्पांच्या बाबतीत २०१७ पासून महाराष्ट्रात लागू झालेल्या रेरा कायद्याचाही आधार आहे. माहितीपत्रकात दाखवलेली बाग आता विकसकाला सहज गाळता येत नाही. फी कमी करून तेच काम करण्यापेक्षा काम लहान करून रास्त फी घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे. हात आखडला म्हणून रोपवाटिकेकडून किंवा कंत्राटदाराकडून गुपचूप दलाली घेण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. ग्राहकाचा सल्लागार म्हणून एकीकडून फी आणि विक्रेत्याचा माणूस म्हणून दुसरीकडून पैसे, हा व्यवहार आज ना उद्या उघडा पडतो आणि लहान गावात गेलेली पत परत येत नाही.

येथे व्यापारी कुटुंबांची दुसरी भूमिकाही पाहिली पाहिजे, ती ग्राहकाची. मालाचे पैसे वेळेवर चुकवणारा सचोटीचा व्यापारीदेखील नकाशाचे पैसे देताना रेंगाळतो. कागदावर चार रेषा काढल्या, त्याचे एवढे काय, असे त्याला वाटते. परंतु त्या चार रेषांमागे सात वर्षांचे शिक्षण आणि जागेवर उन्हात घालवलेले दिवस असतात. कायदाही या बाबतीत आता पुरेसा स्पष्ट आहे. सेवा देणाऱ्याने सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल, तर लेखी करारानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे; उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. २०२३ मध्ये आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अशा मुदतबाह्य रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे चुकते केल्याशिवाय मिळत नाही. तरुण व्यावसायिकाने ही नोंदणी पहिल्याच वर्षी करावी. प्रत्येक कामाचा लेखी करार करावा, सुरुवातीला काही रक्कम आगाऊ घ्यावी आणि पुढील हप्ते संकल्पना, नकाशे व जागेवरील देखरेख या टप्प्यांशी बांधून ठेवावेत. हे धडे त्याला महाविद्यालयात मिळत नाहीत. ते घरच्या पेढीवर मिळतात.

आणि म्हणूनच वडिलांचे ते वाक्य सर्वस्वी चुकीचे नाही. मंदीच्या दिवसांत मुलीने काही तास दुकानात बसावे, उधारी कशी वसूल करतात, खेळते भांडवल कसे जपतात, हे पाहावे. त्यात कमीपणा नाही. परंतु ते शिक्षण तिच्या व्यवसायासाठी असावे, व्यवसाय सोडण्यासाठी नसावे. नवीन दुकान उघडले की पहिल्याच वर्षाच्या तोट्यावरून कोणी त्याला टाळे लावत नाही. जम बसायला तीन वर्षे लागतील असे घरातील वडीलधारे स्वतःच सांगतात. जी मुदत दुकानाला मिळते, ती मुलीच्या विद्येलाही मिळावी. तीन वर्षांचा खर्च किती, घर त्यातला किती उचलणार, हे एकदा बसून कागदावर मांडावे. मुदत संपल्यावर जम बसला नाही, तर मार्ग बदलण्याचा निर्णय तिने घ्यावा आणि तोही कोणाच्या टोमण्याविना घेता यावा. ओल्मस्टेडच्या वडिलांनी मुलाच्या शेतीत आणि प्रकाशनात घातलेले भांडवल बुडाले. तरी त्यांनी मुलाला कापडाच्या गठ्ठ्यांत कोंडून ठेवले नाही.

पुढच्या खेपेस एखाद्या घरात बांधकामाचे अंदाजपत्रक तयार होईल, तेव्हा एक लहानसा बदल करून पाहावा. बागेची ओळ शेवटून उचलून पहिल्या पानावर आणावी आणि पायाचा खड्डा खणण्यापूर्वी पाण्याचा उतार जाणणाऱ्याला एकदा जागेवर न्यावे. तेव्हा ‘परिसर सुशोभीकरण’ हे शब्द खोडून त्या जागी ‘पाणी, माती, सावली’ असे लिहिले, तर मंदी आली तरी पेन्सिल त्या ओळीपाशी क्षणभर थांबेल.