एक तोफ, दोन हिशेब

देवळाली कॅम्पच्या रहिवाशांना तोफांचा आवाज नवा नाही. काकूलचे तोफखाना विद्यालय येथे आले आणि गोलंदाजांच्या पिढ्या येथील माळावर तयार झाल्या. याच मैदानावर १० ऑक्टोबर २०२४ रोजी सराव चालू असताना तोफगोळ्याचा स्फोट होऊन ऐन विशीतील दोन तरुण मृत्युमुखी पडले. दोघेही अग्निवीर होते. श्रद्धांजली वाहिली गेली, अपघाती मृत्यूची नोंद झाली. पण एक प्रश्न मागे उरला : त्याच तोफेवर नियमित जवान मरण पावला असता, तर त्याच्या घरी जे पोचले असते, ते या दोन घरी पोचणार काय?

याचे उत्तर गहिवरून देता येणार नाही. ते मोबदल्याच्या हिशेबातच शोधावे लागेल. कोणत्याही श्रमाच्या मोबदल्याचे तीन भाग असतात. पहिला, दरमहा हाती पडणारा पगार. दुसरा, आज कमावलेला पण उद्यासाठी राखून ठेवलेला पगार, म्हणजेच भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन. तिसरा, कामातील जोखमीची भरपाई. मालक कोणीही असो, त्याची नियत पहिल्या आकड्यावरून कळत नाही; ती उरलेल्या दोन भागांवरून कळते. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेली अग्निपथ योजना याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

पहिल्या वर्षी अग्निवीराला दरमहा ३०,००० रुपये मिळतात. त्यातील ३० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, सेवानिधीत जातात आणि हाती २१,००० उरतात. महागाई भत्ता नाही, सैनिकी सेवा वेतनही नाही. नियमित जवानाचे आरंभीचे मूळ वेतन २१,७०० आणि सैनिकी सेवा वेतन ५,२००. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तेव्हाच्या ५३ टक्के महागाई भत्त्यासह ही बेरीज ४१,००० च्या वर जात होती. खंदक तोच, तोफ तीच, आज्ञाही तीच. वेतनपत्रके मात्र दोन.

राखून ठेवलेल्या वेतनाची कथा याहून वेगळी नाही. चार वर्षांनी अग्निवीराला मिळणाऱ्या सुमारे १०.०४ लाखांच्या सेवानिधीची मोठी जाहिरात झाली. त्यातील निम्मी रक्कम त्याच्याच पगारातून कापलेली असते, हे जाहिरातीत ठळकपणे येत नाही. कायम होणार फार तर चारांतील एक. उरलेल्या तिघांना ना ग्रॅच्युइटी, ना निवृत्तिवेतन. आणि येथे सरकारच्या वागण्यातील विसंगती डोळ्यांत भरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतबंद कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी देणे खाजगी मालकावर बंधनकारक आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट गळून पडत होती. हे कायदे सैन्याला लागू नाहीत, हे खरे. पण कारखानदाराला जो धडा सरकार शिकवते, तो स्वतःच्या दारी विसरते, याला काय म्हणावे?

आता जोखमीच्या भरपाईकडे वळू. सरकारची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सेवेमुळे मृत्यू आल्यास अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचे वेतन आणि सेवानिधी मिळतो. विम्यासाठी त्याच्याकडून हप्ताही घेतला जात नाही. रक्कम लहान नाही. पण ती एकरकमी आहे, आणि अडचण तेथेच आहे. नियमित जवान सेवेमुळे मृत्यू पावला तर त्याच्या विधवेला अखेरच्या वेतनाच्या ६० टक्के विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. युद्धात पडला तर पूर्ण वेतनाइतके. अविवाहित जवानावर अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठीही तरतूद आहे. हे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते. एकरकमी पैसा कर्जफेडीत, बहिणीच्या लग्नात, घराच्या छपरात विरघळतो. तो वाढत नाही, आटतो. अग्निवीराच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन नाही, आणि स्फोटात हात गमावलेल्या अग्निवीरालाही अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख देऊन निरोप दिला जातो.

निवृत्तिवेतनाचा बोजा वाढत आहे, शस्त्रास्त्रांना पैसा हवा, सैन्य तरुण हवे, हे युक्तिवाद खोटे नाहीत. सैनिकांची सरासरी वयोमर्यादा किती असावी, हा धोरणाचा प्रश्न आहे. परंतु मेलेल्या सैनिकाचे वय वाढत नसते. त्याच्या आईला निवृत्तिवेतन दिल्याने सैन्य म्हातारे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नाकरा खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची खैरात नव्हे, तो हक्क आहे. हा हक्क नेमणुकीच्या कागदावरील मुदतीने मोजायचा, की अंगावर घेतलेल्या धोक्याने? ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा मृत्यू झाला. तेथील थंडीने त्याच्या नेमणुकीची मुदत विचारली नव्हती.

म्हणून मागणी साधी आहे. सेवेत मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास अग्निवीर आणि नियमित जवान यांत कोणताही भेद नको. निवृत्तिवेतन एकाच दराने मिळावे. सेवेत असताना महागाई भत्ता आणि मुदत संपताना ग्रॅच्युइटी मिळावी. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात, तेव्हा हा विषय लांबणीवर टाकण्यास जागा नाही. आणि याकडे केवळ सैन्याचा प्रश्न म्हणून पाहणे ही चूक ठरेल. जे सरकार बंदूक हाती देऊन मुदतीवर माणूस नेमते, ते झाडू, खडू किंवा सुई हाती असलेल्यांशी वेगळे कसे वागेल? कंत्राटी सफाई कामगार, तासिका तत्त्वावरील शिक्षक आणि मानधनावरील परिचारिका यांनी हा लढा आपलाच मानला पाहिजे.