कागदाच्या झुमक्याची घडणावळ



आज थोडे कडक लिहिणार आहे. विषय छोटा दिसेल, कानातल्याएवढा. पण गेले काही महिने तो माझ्या डोक्यातून जात नाही. आपण जैन बायका एखादी वस्तू घेताना त्यात कुठला जीव गेला आहे का, हे विचारतो. ती वस्तू करणाऱ्या बाईचे काय झाले, हे मात्र विचारत नाही. माझ्या मते ही अर्धी अहिंसा आहे.

आपल्या राजगुरुनगरात आणि चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गल्लीगल्लीत कुणी ना कुणी घरी दागिने करते. क्विलिंगच्या कागदी पट्ट्यांचे झुमके, शिंप्याकडून आणलेल्या खणाच्या चिंध्यांची कानातली, जुन्या बांगड्यांवर दोरा गुंडाळून केलेले जोड, सेफ्टी पिना ओवून केलेले कडे, शर्टाच्या बटणांचे टॉप्स. एका मुलीने तर रंगीत वायरींचे तुकडे आणि वॉशर वापरून इतका सुरेख नेकलेस केला की कॉलेजच्या मुली विचारत होत्या, कुठून घेतला म्हणून. कल्पना आहे, हात आहे, आणि किंमत कुणालाही परवडेल अशी आहे. मला हे सगळे मनापासून आवडते. आवडते म्हणूनच भांडायला बसले आहे.

आधी आपण जे बरोबर करतो ते सांगते. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांना आपण पंधरा कर्मादाने म्हणतो. त्यात दंतवाणिज्य आहे, म्हणजे हस्तिदंताचा व्यापार. लाक्षावाणिज्य आहे, म्हणजे लाखेचा. दोन्ही थेट दागिन्यांशी जोडलेले. लाख हा बारीक किड्यांचा स्राव, ती फांद्यांवरून खरवडून काढताना असंख्य किडे मरतात. म्हणून आपल्याकडे अनेक घरांत लाखेच्या बांगड्या घेत नाहीत. मोती शिंपल्यातल्या जिवाचा, पोवळे समुद्रातल्या जिवांचे, रेशीम कोश उकळून काढलेले. पूर्वी चिकटवायला सरस वापरत, तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा. आता फेव्हिकॉलसारखे डिंक आले, ती अडचण गेली. प्रदर्शनात आपली एखादी काकी बांगडी हातात घेऊन विचारते, "हा सिल्कचा दोरा खरा का आर्ट सिल्कचा?" तेव्हा मला तिचे कौतुकच वाटते. हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पण त्याच्या पुढचा प्रश्न काय असतो? "केवढ्याला? चाळीस? पस्तीसला दे."

पहिल्या अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यात मारणे, बांधणे आहे, तसाच अतिभारही आहे. कुणावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादणे. अन्नपाण्यात खंड पाडणे हाही अतिचारच. आपण हे बैलासाठी, घोड्यासाठी आहे असे समजून पुढे सरकतो. तिसऱ्या व्रतात खोटे तराजू आणि खोटी मापे येतात. तेही दुकानदार पुरुषांसाठी आहे असे वाटते, कारण तराजू त्यांच्या हातात. मी म्हणते, जिथे कुणाचा तरी वेळ मापातच धरत नाहीत, तिथे माप खोटेच आहे. मग ते दुकानात असो की आपल्या ओट्यावर.

मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षे घराची वही लिहिली. तेव्हा हिशेबच मांडते. एका ओळखीच्या मुलीबरोबर बसून तिच्या एका क्विलिंग झुमक्याच्या जोडीचा खर्च काढला. कागदी पट्ट्या 4 रुपये, हूक आणि कड्या 5, मणी 2, वार्निश 2, कार्ड आणि पाऊच 4. झाले 17 रुपये. पुण्याला बोहरी आळीत माल आणायला जायचे एसटीचे भाडे, बिघडलेल्या जोड्या, फोनचा खर्च, असा वरखर्च जोडीमागे 8 रुपये. म्हणजे 25. आणि वेळ? गुंडाळणे, चिकटवणे, दोन हात वार्निश देणे, हूक बसवणे, सगळे मिळून 50 मिनिटे.

ती जोडी 40 रुपयांना विकते. 40 मधून 25 गेले, राहिले 15. पन्नास मिनिटांचे 15, म्हणजे तासाचे 18 रुपये. आपण घासाघीस करून 35 ला घेतली की तिला तासाचे 12 रुपये पडतात. आपण वाचवले पाच रुपये, तिच्या मजुरीतला तिसरा हिस्सा गेला. बचत आपल्या पर्समध्ये दिसतही नाही, पण तिच्या वहीत खड्डा पडतो.

आता घाऊक मागणीचे बघा. एका महिला मंडळाने चातुर्मासात शिबिराची भेट म्हणून दीडशे जोड्या करून घेतल्या. मंडळाचे नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्यांचे नाही. "एवढी मोठी ऑर्डर आहे, 35 लावायला काय हरकत?" झाले. दीडशे जोड्या म्हणजे 125 तास. रोज आठ तास धरले तर जवळजवळ सोळा दिवस. हातात आले दीड हजार रुपये. कापड किंवा साखर घाऊकात स्वस्त पडते, कारण गिरणीचा खर्च वाटला जातो. हाताचे तसे नाही. दीडशेवा झुमका गुंडाळायला पहिल्याइतकाच वेळ लागतो, वर मान आणि डोळे दुखतात ते वेगळे. कच्च्या मालात दोन-तीन रुपये वाचतात, तेवढीच सूट मागावी. आणि ज्या शिबिरात त्या भेटी वाटल्या, तिथे विषय कुठला असेल? जीवदया.

यावर मला जी उत्तरे मिळतात, ती एकेक घेते.

"अगं, घरीच तर करते ती, फावल्या वेळात." फावला वेळ हा शब्दच मला पटत नाही. जिचा नवरा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर आहे, तीन पाळ्यांप्रमाणे जिला डबा करावा लागतो, तिला फावला वेळ कुठला? ती रात्री पोरे झोपल्यावर बसते. त्याच कंपनीत ठरल्या तासांपेक्षा जास्त काम झाले तर दुप्पट दराने पैसे द्यावेत, असे कायदा सांगतो. घरातल्या ओव्हरटाइमला मात्र आपण फावला वेळ म्हणतो आणि निम्म्याचा निम्मा दर लावतो. लिज्जत पापडाचे उदाहरण आपल्याला माहीत आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. त्याही घरच्याच बायका होत्या, आजही पापड घरीच लाटले जातात. पण लाटण्याची वणाई ठरलेली असते आणि ती आधी धरली जाते. पीठ घरी नेले म्हणून हात फुकट झाला नाही.

"कागदच तर आहे, त्याचे एवढे?" सोनाराकडे आपण असे बोलतो का? बिलात सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी. घडणावळीचे हजारो रुपये आपण देतो आणि डिझाइनचे कौतुक करत घरी येतो. म्हणजे घडवणाऱ्या हाताची किंमत असते हे आपल्याला चांगले कळते. फक्त वस्तू महाग असली तरच कळते. सोन्याला घडणावळ आणि कागदाला नाही, याला काय न्याय म्हणायचे?

आणि साध्या वस्तूंचे दागिने हे काही आजचे खूळ नाही. संक्रांतीचे हलव्याचे दागिने आपल्या महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहेत. नव्या सुनेला काळ्या साडीवर हलव्याचा हार, नथ, बाजूबंद, जावयाला हार आणि नारळ, बोरन्हाणाला बाळाला मुकुट आणि बासरी. त्यात आहे काय? तीळ किंवा खसखस आणि साखरेचा पाक. पण मंद आचेवर परात ठेवून, पाक थोडाथोडा घालत, बोटांनी तासन् तास हलवत बसावे तेव्हा हलव्याला काटा येतो. मग तो एकेक दाणा दोऱ्यात. साखरेचा भाव विचारून त्या हाराची किंमत ठरत नाही. (नंतर ते दागिने उघडे टाकू नका, मुंग्या येतात आणि चिकटून मरतात. हे आपल्या घरात सांगायला नको, तरी सांगते.)

"बाजारात यंत्राची जोडी तीस रुपयांना मिळते, मग हिची कोण घेणार?" हा प्रश्न खरा आहे, त्याला खरे उत्तर हवे. स्वस्त करायचे असेल तर वेळ कमी करा, तासाचा दर नाही. तिला आम्ही तासाला 60 रुपये मजुरी धरून पुन्हा हिशेब करून दाखवला. झुमक्याची जोडी 75 ला पडते. ती 75 लाच विकावी, कमी विकल्या तरी चालतील. आणि शेजारी बटणांचे टॉप्स ठेवावेत. माल 12 रुपये, वेळ आठ मिनिटे म्हणजे 8 रुपये, वरखर्च 5. एकूण 25. कॉलेजच्या मुलीला 25 सहज परवडतात, आणि करणारीला पूर्ण मजुरी मिळते. अशा वस्तूंचे खरे कसब तेच आहे. कमी हालचालीत, साध्या मालातून गंमत काढायची. स्वस्तपणा कल्पनेतून यावा, कुणाच्या पाठीतून नको.

आता करणाऱ्या मुलींनो, तुम्हालाही बोलणार. तुमच्या वहीत मालाचा खर्च असतो, मजुरीचा रकाना नसतो. "एवढे सुटले" म्हणून जे सांगता ती मजुरीसुद्धा पुरती नसते, नफा तर दूरच. वहीत रकाना आखा आणि घड्याळ लावून वेळ लिहा. मजुरी तुम्हीच धरली नाहीत तर समोरची का धरेल? शिवाय तुम्ही कमी भावाने विकता तेव्हा शेजारच्या मुलीचाही भाव पाडता.

दुसरे, जे हाताने केलेले नाही त्याला हातचे म्हणू नका. घाऊक बाजारातून तयार पेंडंट आणायचे, एक मणी अडकवायचा आणि हँडमेड म्हणून विकायचे, हेही तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत बसते. खऱ्याच्या नावावर नकली खपवण्याला तिथे स्वतंत्र नाव आहे, तत्प्रतिरूपक व्यवहार. तयार माल विका, पण तयार म्हणून विका. आणि हूक घेताना चार आणे वाचवू नका. हलक्या हूकमधल्या निकेलने अनेकींचे कान खाजतात, पाणी सुटते. गिऱ्हाइकाच्या कानाची जबाबदारी आपली.

शेवटचा आक्षेप आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. "जैन बाईने मोह कमी करायचा की दागिने विकून वाढवायचा?" मी हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. उपासकदशांगातल्या आनंद श्रावकाकडे अपार संपत्ती होती. त्याने एकेका वस्तूची मर्यादा केली, तेव्हा दागिन्यांत फक्त कानातली कुंडले आणि नावाची अंगठी ठेवली. म्हणजे दागिना सोडला नाही, त्याला मोजणी लावली. मोह वस्तूच्या किमतीत नसतो, मोजणी सुटण्यात असतो. लॉकरमधले तोळे मोजतोच आपण, पण पन्नास रुपयांची कानातली डझनांनी साठतात तेव्हा कोण मोजते? आणि ती का साठतात? फुकटात पडतात म्हणून. करणारीची मजुरी धरली तर चाळीसच्या जागी दोन जोड्या घेऊ, त्या वापरू, तुटल्या तर तिच्याकडूनच दुरुस्त करून घेऊ. तिची मजुरी आणि आपला अपरिग्रह, दोन्ही एकाच दराने सांभाळले जातात.

येत्या संक्रांतीच्या वाणाला किंवा पुढच्या चातुर्मासाच्या प्रभावनेला हातची वस्तू घ्यायची ठरवाल, तेव्हा एवढेच करा. आधी विचारा, एका नगाला किती वेळ लागतो. त्याला तासाचा दर लावा, तोच दर जो तुम्ही तुमच्या मुलीच्या तासाला लावाल. माल आणि वरखर्च धरून जी रक्कम येईल ती द्या, निम्मी आगाऊ द्या. बजेट कमी असेल तर नग कमी करा किंवा सोपी वस्तू निवडा. मजुरीला हात लावू नका.

पाच रुपयांसाठी एवढे लांबलचक लिहिले असे वाटत असेल, तर त्या मुलीची दीडशे जोड्यांची वही आठवा. 125 तास, दीड हजार रुपये. हे आकडे पुन्हा तपासून बघा. चुकले असतील तर मला सांगा. बरोबर असतील तर मग भाव करू नका.