कामिरीथूचे नाटक

नाटक समाजाचे प्रतिबिंब असते, हे नेहमीचे विधान केनियातील लिमुरूजवळच्या कामिरीथू गावापुढे अपुरे ठरते, कारण तेथे १९७७ मध्ये समाजानेच नाटक घडवले. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गिकुयू भाषेत लिहिलेल्या ‘न्गाहिका न्देंदा’ची, म्हणजे ‘मला हवे तेव्हा लग्न करीन’ची, संहिता गावकऱ्यांनी ऐकली, तिच्यातील भाषा सुधारली, आणि शेतमजुरांनी व कामगारांनी स्वतः उभारलेल्या खुल्या रंगमंचावर भूमिकाही केल्या. नाटकातील कीगुंडा या मजुराकडे जेमतेम दीड एकर जमीन आहे. धनाढ्य मालक कीओईच्या आग्रहाखातर चर्चमध्ये नव्याने लग्न लावण्यासाठी तो ती बँकेकडे गहाण टाकतो आणि अखेर गमावतो. माऊ माऊ, म्हणजे बळकावलेल्या जमिनीसाठी १९५० च्या दशकात ब्रिटिशांविरुद्ध झालेला सशस्त्र उठाव, ज्यांच्या स्मरणात ताजा होता, त्या प्रेक्षकांना स्वातंत्र्याचे फळ कोणाच्या पदरात पडले हे वेगळे सांगावे लागले नाही. हेच दुःख थिओंगो यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांतही होते आणि ते शासनाने सहन केले होते, ही बाब अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. या गिकुयू नाटकाच्या प्रयोगांचा परवाना मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. डिसेंबरमध्ये थिओंगो यांना खटल्याविना वर्षभरासाठी स्थानबद्ध करण्यात आले, आणि तुरुंगात शौचालयाच्या कागदावर त्यांनी कादंबरी लिहिली, तीही गिकुयूतच. १९८२ मध्ये सरकारने तो रंगमंच जमीनदोस्त केला.