गव्हर्नर: गिरणीतला आणि हेलिकॉप्टरमधला
रिमोटवर उडणाऱ्या इंजिनवाल्या हेलिकॉप्टरचं खरं कसब पंख्याचे फेरे कायम राखण्यात आहे. पात्यांचा कोन वाढवला की हवेचा विरोध वाढतो, फेरे पडतात. लगेच जादा इंधन मिळालं नाही तर हेलिकॉप्टर खाली बसलंच. ही राखण गव्हर्नर करतो. इंजिनाबरोबर फिरणारं चिमुकलं लोहचुंबक, शेजारी सेन्सर. सेन्सर फेरे मोजतो आणि त्या हिशेबाने गव्हर्नर थ्रॉटल उघडतो-मिटतो. मुंबईच्या लालबाग-परळला ही युक्ती जुनीच. गिरण्यांच्या वाफेच्या इंजिनांवर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर असे. मागांचा भार वाढून इंजिन मंदावलं की गोळे खाली येत आणि वाफेची झडप जास्त उघडे. १९१५ पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली, तशी ती इंजिनं मागे पडली. शाळेत मुलांना असं गव्हर्नरवालं हेलिकॉप्टर हाताळायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र एक ध्यानात ठेवा: दीड मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १,८०० फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने फिरत असतं. तेव्हा शिवाजी पार्कात किंवा चाळीच्या गच्चीवर हे उडवू नका. परवानगीची चौकशी करून, जाणत्याला सोबत घेऊन मोकळं माळरान गाठा.