सहलीचा मार्ग कोणीं आंखावा?

सुटी जवळ आली कीं घरोघरीं सहलीच्या गोष्टी निघूं लागतात, आणि ज्यांच्या दाराशीं मोटार आहे त्यांच्या घरांत तर कोठें जावयाचें हें एका संध्याकाळीं ठरून जातें. मात्र कोणत्या वाटेनें जावयाचें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वडील मोबाईलमधील नकाशास गांवाचें नांव सांगतात. तो सर्वांत थोड्या वेळाची निळी रेघ आंखून देतो. आणि त्या रेघेवरून सारें कुटुंब ओढलें जातें. मुलें मागच्या बैठकीवर झोंपीं जातात, व जागीं झालीं म्हणजे "आलें का?" एवढेंच विचारतात. लवकर पोंचविण्याची कामगिरी नकाशास सांगितली, ती तो इमानानें बजावतो. काय पाहत जावयाचें हें त्यास कोणी सांगितलेलेंच नसतें.

माझें मत असें आहे कीं, सहलीचा मार्ग आंखण्याचें काम घरांतील शाळकरी मुलामुलींकडे सोंपवावें. तेंही लुटुपुटीचें नव्हे. त्यांनीं आंखलेल्या वाटेनें खरोखरच जावें. कित्येक पालकांस हें पोरखेळाचें वाटेल. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं.

समजा, पुण्याचें एक कुटुंब पांच दिवस कोकणांत जावयाचें आहे. मुलीनें कागदी नकाशा पुढें पसरला, तर पहिली अडचण तिच्या ध्यानांत येईल ती ही कीं, कोकणचा किनारा सलग नाहीं. सह्याद्रीवरून निघालेल्या नद्या थोडक्याच अंतरांत समुद्रास मिळतात, आणि त्यांच्या मुखांतून भरतीचें पाणी दूरवर आंत शिरून खाड्या झालेल्या आहेत. घाईचा प्रवासी या खाड्या टाळण्यासाठीं आंतल्या महामार्गानें जातो. आमची मुलगी मात्र असा मार्ग काढील: मुळशीच्या जलाशयाच्या कडेनें ताम्हिणी घाट उतरून माणगांव, तेथून म्हसळ्यावरून श्रीवर्धन व हरिहरेश्वर; बागमांडल्यास गाडीसकट जंगल जेटीवर चढून बाणकोटच्या खाडीपलीकडे वेसवीस उतरावयाचें; पुढें केळशी, आंजर्लें, हर्णै, दापोली; दाभोळास दुसरी जेटी, पैलतीरीं धोपावें, मग गुहागर; आणि परततांना चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कऱ्हाड, सातारा.

ही वाट सुंदर आहे हें कोणीही कबूल करील. परंतु तिच्यांत एक सूत्रही आहे, आणि तें नकाशा पुढें घेऊन बसल्यावांचून सांपडत नाहीं. महाबळेश्वरीं ज्या पांच नद्यांचा उगम मानतात त्यांपैकीं सावित्री पश्चिमेस उतरते. बागमांडल्याची जेटी तिच्याच मुखावर चालते. कृष्णा पूर्वेकडे जाते. कोयना सह्याद्रीच्या आडोशानें दक्षिणेस धांवून हेळवाकापाशीं पूर्वेस वळते व कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर मिळते. म्हणजे दुसऱ्या दिवशीं जिचें मुख ओलांडलें तिच्या दोघी बहिणींची भेट शेवटच्या दिवशीं पाहावयास मिळणार! आणखी गंमत पुढेंच आहे. कोयनेच्या धरणाचें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस, घाटाखालीं पोफळीच्या बाजूस सोडलेलें आहे; वीज निर्माण करून तें वाशिष्ठी नदींत पडतें, आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीस मिळते. दाभोळच्या जेटीवरून जें पाणी आपण कांपीत जातों त्यांत पूर्वेस जावयास निघालेल्या कोयनेचेंही पाणी असतें. ज्या मुलीनें हें स्वतः शोधून काढलें ती त्या जेटीवर झोंपून राहील काय? आणि भूगोलाच्या तासास तिला नद्या पाठ कराव्या लागतील काय?

हर्णैजवळचें मुरूड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. विद्यार्थिदशेंत परीक्षेसाठीं ते सोबत्यांसह या बाजूनें सह्याद्रि चढून साताऱ्यास पायीं गेले, शंभरावर मैल. आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षकांनीं त्यांस परत लाविलें. मोटारींत बसून घाट चढतांना ही हकीगत मुलांस सांगावी. घाटाची वळणें मग वेगळीं दिसतात.

अलीकडे फिरत्या घरासारख्या मोठ्या गाड्या, ज्यांस कारव्हॅन म्हणतात, त्यांची हौस आपल्याकडेही आली आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांच्या पर्यटनाचें धोरणही ठरविलें. अमेरिकेंत अशा गाड्या फार, व तेथें निवांत पाहत जाण्यासाठींच बांधलेले रस्तेही आहेत. ब्लू रिज पार्कवे हा ४६९ मैलांचा रस्ता १९३५ सालीं बांधावयास घेतला तो १९८७ सालीं पुरा झाला; मालवाहू मोटारींस तेथें मज्जाव, आणि वेगाची मर्यादा ताशीं ४५ मैल. आपल्या किनाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तेथील गांवांतून रस्ता दोन गडग्यांमधून जातो, वर माडांच्या झांवळ्या आणि विजेच्या तारा लोंबतात, समोरून एस्. टी. आली तर लहान मोटारीसही मागें सरावें लागतें. तेथें खोलीएवढी गाडी नेणें म्हणजे स्वतःची व गांवकऱ्यांचीही परीक्षा पाहणें होय. शिवाय माझा दुसरा एक आक्षेप आहे. फिरत्या घराबरोबर चूलही फिरूं लागते. मग घरांतील आईची सुटी ती कोणती? कोकणांत घरगुती खाणावळी जागोजागीं आहेत. मुक्काम आंखतांना त्या कोठें लागतात हें मुलांनीं अगोदर पाहून ठेवावें, आणि आईनें पांच दिवस भांड्यास हात लावूं नये.

पालकांनीं सर्वच अधिकार सोडावे असें मात्र मी म्हणत नाहीं. दिवसांतून किती तास गाडी चालवावयाची, हें चालविणारानें ठरवावें. घाटाच्या व खाडीच्या मुलखांत पांच तास पुष्कळ झाले. वरील मार्गांत दुसरा व तिसरा दिवस अगदीं लहान पल्ल्यांचे आहेत ते याचसाठीं. परतीची मजल लांबली, तर कऱ्हाडास एक रात्र अधिक काढावी. घरांत आजी असेल व तिला वळणांवर मळमळत असेल, तर ताम्हिणी सोडून द्यावी, त्यांत कमीपणा नाहीं. कशेडी घाटांत आतां बोगदा झाला, त्यानें डोळ्यांचें सुख कमी झालें असें हळहळणारे मला भेटतात. पोटाचें सुख किती वाढलें हें त्यांनीं आजीस विचारावें.

ऋतु व रात्र यांविषयीं तर मुलांशीं वादही घालूं नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीला पूर आला असतां १९२८ सालीं बांधलेला दगडी पूल वाहून गेला, आणि दोन एस्. टी. गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. ज्या सावित्रीवर आपण हौसेनें जेटींतून फिरणार तीच ही सावित्री. धबधब्यांच्या लोभानें आषाढ-श्रावणांत मुलांनीं घाट सुचविले, तर पालकांनीं सरळ नाहीं म्हणावें. आणि कोणत्याही ऋतूंत दिवेलागणीपूर्वीं मुक्काम गांठावा. या वाटेस उत्तम काळ दिवाळीनंतरचा. घाट अजून हिरवे असतात, समुद्र निवळलेला असतो, व हवा सुखाची असते. मे महिन्यांत उकाडा फार, पण आंबा असतो. कोणतें पत्करावयाचें, हें ठरविण्यास मुलांस कोणाच्या सल्ल्याची गरज पडेल असें वाटत नाहीं.