पहिला शालू

भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेल्या महिन्यात आम्ही पाचजणी गेलो. वहिनींनी घरून सगळं लिहून आणलं होतं. मानपानाच्या साड्या १२०० पर्यंत, विहीणबाईंची ४ हजारांची, नवरीचा शालू १५ हजारांच्या आत. वही पर्समध्ये होती. पांढऱ्या गादीवर टेकलो, चहा आला, आणि वहिनींनी आकडा सांगायच्या आतच दुकानातले दादा म्हणाले, "बजेटचं नंतर बघू ताई, आधी माल तर बघा." त्यांनी वरच्या फळीवरचा शालू काढून एका झटक्यात उलगडला. ३२ हजार. "घेऊ नका हो, नुसता काठ बघा."

तो आम्ही घेतला नाहीच. पण त्यामागून आलेला २१ हजारांचा शालू बघून वहिनी म्हणाल्या, "हा त्या मानाने बराच स्वस्त आहे." मीही मान डोलावली आणि तोच घेतला. २१ हजार ताडून बघायचे होते वहीतल्या १५ हजारांशी, आणि आम्ही ते ताडत होतो बत्तिसाशी. वही पर्समधून बाहेर आलीच नाही.

मानसशास्त्रात याला 'अँकरिंग' म्हणतात. नांगर टाकलेली होडी दोराच्या लांबीपुरतीच फिरते, तसं मन पहिल्या आकड्याभोवती फिरत राहतं. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७४ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर ० ते १०० आकड्यांचं चाक फिरवायचं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यासमोर १० आले त्यांचा मधला अंदाज निघाला २५, आणि ६५ आलेल्यांचा ४५. कानेमान यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा प्रयोग वाचून मी खरोखर अस्वस्थ झाले. चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता, तरी माणसं ओढली गेली. आमच्या पुढ्यातला आकडा तर शालूचाच होता.

दुसरी ओढ भिडेची. तासाभरात गादीवर तीसेक साड्यांचा ढीग झाला होता. कडेला बसलेला एक पोरगेला मुलगा एकेक साडी उचलून, काठाला काठ जुळवून, हनुवटीखाली धरून घडी घालत होता. त्याच्याकडे बघून माझी आत्या पुटपुटली, "एवढं उलगडायला लावलं, आता उठून कसं जायचं गं?" भीड ही भिकेची बहीण, असं म्हणणारी हीच आत्या. त्या मुलाला घडी घालण्याचाच पगार मिळतो, आम्ही घेतलं काय अन् न घेतलं काय. पण डोळ्यांसमोर कष्ट दिसले की आपल्याला ते देणं वाटू लागतं. हे आपलं चांगुलपण आहे आणि मला ते नकोसं नाही. फक्त त्याची किंमत कोण मोजतं, हे बघायला हवं. वरचे ६ हजार भावाने पतसंस्थेच्या कर्जातून भरले. ज्याच्याकडे पैसा आहे, त्याला पहिला आकडा चुकला तरी झळ लागत नाही. कर्ज काढून लग्न करणाऱ्याला त्याचे हप्ते पडतात.

मोबाइलवरही हीच गादी अंथरलेली असते. खोडलेली मोठी किंमत, शेजारी लहान, 'फक्त २ शिल्लक', उलटं धावणारं घड्याळ. खोटी घाई दाखवणं, न विचारता टोपलीत वस्तू घालणं अशा १३ क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे, तो जरूर वापरावा. पण आमच्या गादीवर कोणी खोटं बोललं नव्हतं. तिथे कोणता नियम लावणार?

आईची आठवण झाली ती इथे. आमच्या लहानपणी डोंबिवलीच्या घरी ती मुंबई ग्राहक पंचायतीची यादी भरायची. ही संस्था १९७५ साली सुरू झालेली. शेजारच्या घरांचा एक संघ, महिन्यातून एकदा मागणी, माल एका घरी उतरणार आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. यादी भरताना आई एकेक डबा खाली काढून हलवून बघायची. तूरडाळीच्या आवाजावरून म्हणायची, "अजून आठ दिवस जाईल," आणि तीनऐवजी दोन किलो लिहायची. त्या वेळी तिच्यासमोर ना विक्रेता असे, ना वरची फळी. पहिला आकडा तिच्या डब्यातून यायचा. संघाने स्वस्तात माल दिला हे खरंच, पण निर्णय स्वयंपाकघरात बसून घेण्याची जी सवय लावली, ती मला त्याहून मोलाची वाटते.

आहेराच्या साड्या राहिल्या होत्या, म्हणून परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो. चहा यायच्या आधी वहिनींनी वही काढली आणि उघडून गादीवर ठेवली. "दादा, ८०० च्या आतल्या, अकरा नग." दादांनी वहीकडे पाहिलं. वरच्या फळीकडे गेलेला हात त्यांनी खाली आणला आणि मागच्या मुलाला हाक मारली, "खालचा गठ्ठा सोड रे."